बायडाबाई आणि लांडग्याचा वाटा

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा कुसळवाडीच्या माळावर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या, मेंढ्यांपेक्षा दगड जास्त, आणि पाऊस नुसता नावाला. नेमकी किती वर्षं झाली, ते कुणी सांगत नाही. विचारलं तर म्हातारी माणसं हात डोक्याच्या वर नेऊन दाखवतात.

त्या काळी माळावर एक रोग आला. चांगली चरती मेंढी एकाएकी मान वाकडी करायची आणि एकाच जागी गोल फिरू लागायची. फिरून फिरून पडायची, मरायची. असं म्हणतात, एक मेंढी इतकी फिरली की तिच्या पायाखाली खळं तयार झालं, आणि त्या साली बाजरीची मळणी लोकांनी तिथंच उरकली.

लोक म्हणाले, लांडगा रुसलाय. मग मेल्या मेंढीचं डोकं लांडग्याचा वाटा म्हणून शिवेवरच्या धोंड्यावर ठेवायचं ठरलं. डोकी जास्त झाली की उरलेली कुत्र्यांना. लांडगा खूश, कुत्री खूश. मेंढ्या मात्र दुप्पट फिरू लागल्या.

त्याच साली बायडा लग्न होऊन आली. बोलायची थोडं, बघायची फार. सासू सगुणानं पहिल्याच आठवड्यात निकाल लावला, "ही उंबरा वलांडून आली नि माझी सात मेंढरं फिरली. पायगुण, दुसरं काय!"

गावचा कारभारी म्हाकूतात्या म्हणाला, "पुढल्या दसऱ्यापतोर रोग हटला तर पोरगी नांदंल. न्हाईतर माहेरी."

बायडाचा नवरा धुळा, त्याचं मत कुणी विचारलं नाही. त्यानंही दिलं नाही. पण रोज माळावरून येताना तो बायकोसाठी ओंजळभर बोरं आणायचा, आणि बायडाला काही माहेरी जायचं नव्हतं.

डोकं फोडून कुत्र्यांपुढं टाकायचं काम नव्या सुनेचं. बायडानं पाहिलं, फिरून मेलेल्या प्रत्येक मेंढीच्या मेंदूत लिंबाएवढी पाण्याची पिशवी, आत कण्यांसारखे पांढरे ठिपके. महिन्या-दोन महिन्यांनी तिला कुत्र्यांच्या विष्ठेत काकडीच्या बियांसारखं काहीतरी चपटं दिसलं. वळवळत होतं. विष्ठा गवतात, गवत मेंढीच्या तोंडात. बायडा तशीच उठून निघाली. तिनं म्हाकूतात्याला गाठलं.

"मामा, हा रोग आपुनच पेरतोय. कुत्री नि लांडगा डोकं खात्यात, बी माळावर टाकत्यात."

"बी?" तात्या हसला. "मग उगवत कसं न्हाई?"

"उगवतंय की. मेंढीच्या डोस्क्यात."

तात्याचं हसू मिशीतच अडकलं. "आन् लांडग्याचा वाटा बंद केला तर? त्यो कळपात शिरंल!"

"बंद कशाला? शिजवून घालू."

अख्खी वाडी हसली. सगुणा म्हणाली, "लांडग्याला रस्सा! मग भाकरीबी चुरून दे. पाट मांड, उदबत्ती लाव!"

बायडानं डोकं चांगलं दोन प्रहर शिजवलं. पिशवीचं पार पाणी पाणी झालं. लांडग्याच्या पोटातलं आधीचं बी पडावं म्हणून पळसाच्या शेंगांतल्या बियांची, पळसपापडीची, पूड त्यात घातली. कुत्र्यांना तीच पूड गुळाच्या गोळीतून दिली. मग रश्श्याचं भगुणं शिवेच्या धोंड्यावर ठेवलं.

तीन दिवस ती रोज ताजा, गरम रस्सा ठेवत राहिली, पण लांडगा फिरकला नाही. सगुणा सुनेचं गाठोडं बांधून बसली. चौथ्या दिवशी, ऊन उतरताना, तो आला. सगळी वाडी बोरीच्या झुडपांआड दडून बसलेली. असं म्हणतात, लांडग्यानं वाफ हुंगली, मागं सरला, आणि रस्सा निवेपर्यंत पाहुण्यासारखा बसून राहिला. मग जेवला. पळसपापडीपाशी तोंड वाकडं केलं, पण टाकलं नाही. भगुणं असं चाटलं की घासायला राख लागली नाही.

"एवढं तर माझा ल्योकबी चाटत न्हाई," सगुणा म्हणाली. गाठोडं तिथंच सुटलं.

पुढच्या दसऱ्याला माळावर एकही मेंढी फिरत नव्हती. फिरत होती ती माणसं, नाचत, गजढोलाभोवती. त्यात बायडा होती, धुळा होता, आणि सगुणा तर सगळ्यांच्या पुढं.

बायडाबाई गेली, त्यालाही फार काळ लोटला. कुसळवाडीत अजून कच्चं डोकं कुत्र्यापुढं पडत नाही. दसऱ्याला नवी सून लांडग्याचा वाटा शिजवते, आणि त्या दिवशी सरपण सासूनं वाहायचं असतं. कुत्र्यांना गुळाची गोळी मिळते. मग "बायडाबाईच्या नावानं!" म्हणून भगुणं धोंड्यावर ठेवतात.

आता त्या माळावर लांडगा कुणी पाहिलेला नाही. तरी सकाळी भगुणं लख्ख असतं. लांडगाच येऊन जातो, असं म्हणतात. गावातली कुत्री मात्र त्या सकाळी कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत.