घुशीचं कोठार

आटपाट शिवारात सगळे उंदीर आपली ज्वारीची कणसं घुशीच्या मोठ्या बिळात नेऊन ठेवत, आणि मग तिच्याच दारात दाण्यांसाठी ताटकळत. त्यांच्यातली नवी सून गोजी हे रोज बघायची. आता तिला पिल्लं होणार होती. घुशीची मर्जी फिरली तर ती उपाशी मरतील.

त्या सुगीत गोजीने कणसं घरीच ठेवली. सासू घाबरली, "अगं, घूसबाई काय म्हणतील?"

"म्हणू देत, आत्याबाई. शेजारणीही घरीच ठेवताहेत. कुणाला कमी पडलं तर एकमेकींना देऊ."

चार दिवसांनी घूस तणतणत आली. "मी काय खाऊ?"

गोजी म्हणाली, "आमच्यात जेवा की. फक्त सकाळी कणसं ओढायला या."

दुसऱ्या सकाळी घूस आली. पहिलंच कणीस ओढताना धापा टाकत म्हणाली, "अगंबाई, एवढं जड असतं होय!"