अमुका नदीचा उगम

पूर्वी कृतयुगात, जेव्हा नद्यांना आपापल्या वाटा अजून पुरत्या सापडल्या नव्हत्या आणि देव हाकेसरशी येत असत, तेव्हा विंध्याच्या दक्षिण उतारावर धौतमूल ऋषींचा आश्रम होता. ऋषी ब्रह्मलोकी गेले होते. मागे उरली त्यांची तेजस्विनी पत्नी सुवर्चला, धवला नावाची गाय, तिचे वासरू आणि बहुश्रव हा शिष्य.

बहुश्रवाला काय येत नव्हते! आलाप रंगात आला की वीणा खाली ठेवून तो वनौषधींच्या मुळ्या उकरायला धावे; मुळ्या उन्हात सुकत पडत आणि हा धनुष्याला प्रत्यंचा चढवत बसे; बाण सुटण्याआधीच त्याची दृष्टी नक्षत्रांकडे लागलेली असे. पुरी झालेली विद्या मात्र एकही नव्हती.

अशात भयंकर अवर्षण पडले. झरे आटले, धवला भुईला टेकली. गुरूंनी जाताना त्याला वरुणाचा मंत्र दिला होता. तो एकदाच फळणार होता. हातावर पाणी घ्यायचे, गोत्र, नाव आणि कामना उच्चारायची, मग पाणी सोडायचे. शिकवताना कामनेच्या जागी गुरूंनी 'अमुक' म्हटले होते. ज्याची जी कामना असेल, ती त्याने तिथे घालायची.

सुवर्चलेने कमंडलूतले शेवटचे पाणी त्याच्या हातावर ओतले. "गाईसाठी पाणी माग. ऐकलंस ना?"

"होय माते."

त्याने आरंभ केला, आणि मन फिरले. देव एकदाच येणार! पाणी तर मागायचेच, पण त्याच वाक्यात वीणाही सिद्ध झाली तर? की धनुर्विद्या? की नक्षत्रांचे ज्ञान? शब्दापाशी पोहोचेपर्यंत ठरवू, असे म्हणता म्हणता सवयीची जीभ पुढे धावली: "अमुककामनासिद्ध्यर्थम्…" आणि पाणी बोटांतून निसटले.

आकाश गडगडले. मकरावर आरूढ झालेला पाशधारी वरुण समोर उभा राहिला आणि हसला. "अमुक कामना? तथास्तु! जी 'अमुक' मागितलीस, तीच तुला दिली."

डोंगर पाझरला. पण पाणी शेकडो केसांएवढ्या धारांनी वाळूत पसरले. प्रत्येक धार ओली, आणि एकीतही ओंजळ बुडेना. बहुश्रव या धारेकडून त्या धारेकडे गुडघ्यांवर धावत राहिला. त्याची चिखलाने माखलेली बोटे धवलेच्या ओठांपाशी पोहोचली, तेव्हा तिचे डोळे मिटले होते.

सुवर्चला ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "पंडिता, एक शब्द होता रे. एकच."

त्याची मान जी खाली गेली, ती वर येईना. मातीकडे पाहतच तो म्हणाला, "देवा, मला शाप द्या."

"तो तर तू आपल्याच तोंडाने घेतलास," वरुण गंभीर झाला. "या धारा आता पुसता येणार नाहीत. पण तुझा तळहात अजून ओला आहे. 'अमुक'च्या जागी आताही एक शब्द घाल. मात्र जे घालशील तेवढेच तुझे, बाकी सारे जाईल."

मेलेल्या गाईच्या सडाला वासरू ढुशा देत होते. बहुश्रवाने ते पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला निवडावे लागले नाही.

"या वासराचं पाणी," तो म्हणाला.

"एवढंच? त्रैलोक्य मागू शकला असतास."

"त्या हावेपायीच ही गाय गेली, देवा."

त्याच्या गुडघ्यांखालची वाळू खचली, डोह झाला, वासराने मुख बुडवले. पर्णकुटीत वीणेच्या तारा आपोआप तुटल्या; तो आवाज ऐकूनही त्याने मागे पाहिले नाही. पुढे आयुष्यभर तो डोहातला गाळ उपसत राहिला. सुवर्चलेने भाकरी पुढे ठेवली तरी त्याने तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तीच ही अमुका नदी. वर धाराच धारा, वाळूत विरून जाणाऱ्या. खाली एकच डोह, कधी न आटणारा. आजही तिच्या काठी संकल्प सांगताना पुरोहित 'अमुक' म्हणून थांबतो, आणि यजमान हातातल्या पाण्याकडे पाहत क्षणभर मान खाली घालतो.