पाय न टेकता नेलेलं नाव

दुपारचे ढग डोंगरावरून उतरून जिथे घरांच्या पायऱ्यांवर बसतात, तिथे कातळवाडी नावाचं एक गाव होतं. त्या गावात अनसूया नावाची तरुणी राहायची. तिचा भाऊ जिवाजी राहायचा डोंगराच्या माथ्यावर, वरच्या वाडीत. दोन्ही गावांच्या मधे रस्ता असा नव्हताच. होता तो एक कोरडा ओढा, आणि त्यात बसलेल्या म्हशींएवढाले दगड.

त्या दगडांवरून चढायला कातळवाडीची माणसं एक खास मोटारसायकल वापरायची. तिला सीट नसते. उभं राहूनच चालवायची. आता तुम्ही म्हणाल, बसायला जागा नाही ती कसली गाडी? अहो, ती पळवण्यासाठी नसतेच मुळी! ती दगडावर चढते, क्षणभर जागच्या जागी डुलते आणि मग पुढच्या दगडावर अलगद चाक ठेवते. चालवणाऱ्याचं सगळं कसब त्या डुलण्यात.

जिवाजीला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचं ते आत्यानं, हे सगळीकडेच आहे. इथली रीत मात्र जरा निराळी. आत्यानं खालच्या देवळात नाव मनाशी म्हणायचं, ते तोंडात धरायचं आणि स्वतःच्या गाडीवरून वर न्यायचं. वाटेत बोलायचं नाही. दगडाला पाय लावायचा नाही. पाय टेकला की नाव सांडलं! मग परत देवळात यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. त्या ओढ्यातून संध्याकाळी गेलात, तर सांडलेली नावं दगड अजून पुटपुटताना ऐकू येतात. कुणी लक्ष देत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि सूर्य बुडेपर्यंत आत्या पोचलीच नाही तर? तर त्या दिवशी घरात जो शब्द सगळ्यांत जास्त बोलला गेला, तेच बाळाचं नाव. वरच्या वाडीत एक आजोबा होते, त्यांचं नाव ‘बघूउद्या’. माणूस देवासारखा, पण कुणी हाक मारली की बिचारे कसनुसे व्हायचे. आपल्या भाचीवर अशी पाळी येऊ नये, म्हणून अनसूयेचा जीव टांगणीला लागला होता. तिनं मैदानात दुसऱ्यांच्या गाड्यांवर हात बसवला होता, पण दगड कधी चढली नव्हती आणि स्वतःची गाडीही नव्हती.

बारशाच्या सकाळी ती चौकात गेली. तिथे जुन्या गाड्या विकायला उभ्या होत्या. बैलाची सांगतात तशी प्रत्येकानं आपल्या गाडीची खोड मोठ्यानं सांगायची, मगच गाडी द्यायची, असा तिथला नियम. चिमाकाकूंची निळी गाडी कोपऱ्यात होती. पोटाखालचा पत्रा चेपलेला, रंग उडालेला. काकू म्हणाल्या, “पुढच्या चाकाच्या दांड्यातून थोडं तेल झिरपतं. अंगात जोर कमी आहे. सावकाश चालते.” लोक जांभया द्यायला लागले.

मग रणबानं आपली लाल गाडी पुढे आणली. रणबा म्हणजे पंचक्रोशीतला अव्वल चढणारा. तो हसत म्हणाला, “हिची खोड एकच. हिला थांबता येत नाही!”

चौकात टाळ्या पडल्या. अनसूयेनंही वाजवल्या. त्यानं खोड खरीच सांगितली होती, पण एवढ्या झळाळत्या गाडीपुढे खोड ऐकायची कुणाला शुद्ध होती? तिनं ना चाक हलवून बघितलं, ना मूठ पिळून बघितली. लोकांनी वाजतगाजत लाल गाडी तिच्या हवाली केली. तिलाही वाटलं, अशी आत्या कुणाची नसेल.

देवळातून ती नाव घेऊन निघाली. पहिल्याच दगडापाशी मूठ जराशी पिळली आणि गाडीनं अशी उसळी मारली की अनसूया थेट करवंदीच्या जाळीत. नाव सांडलं. ती खाली आली, पुन्हा निघाली. या वेळी दगडावर चढली खरी, पण वर डुलायला म्हणून थांबायला गेली, तर गाडी थांबेचना. पुन्हा पाय टेकला. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. ढग उतरून ओढ्यात बसले, आणि ती अजून पहिल्याच वळणावर होती.

चौकात घेतलेली गाडी त्याच दिवशी बदलता येते, पण जिथे वाजतगाजत घेतली तिथेच, त्याच माणसांदेखत. अनसूया बराच वेळ दगडाशी उभी राहिली. पडण्यापेक्षा परत जाणं तिला जास्त लागत होतं. मग तिला पाळण्यातलं ते एवढंसं पोर आठवलं. तिनं लाल गाडी ढकलत चौकात आणली.

“काय गं, जिरली का हौस?” कुणीतरी म्हणालंच.

“जिरली,” अनसूया म्हणाली. “रणबादादा, गाडी तुमच्या हाताची आहे. मला ती अजून झेपत नाही. काकू, तुमची निळी द्याल का मला?”

रणबानं निमूटपणे आपली गाडी घेतली. अनसूया घाईघाईनं निळ्या गाडीवर चढायला गेली, तशी काकूंनी तिचा हात धरला. “आधी चाक हलवून बघ. घाईत आहेस ना, म्हणूनच बघ.”

तिनं चाक हलवलं. पक्कं होतं. मूठ पिळली. गाडी नुसती गुरगुरली, उडी मारली नाही.

देवळात जाऊन तिनं नाव पुन्हा तोंडात धरलं आणि ती निघाली. निळी गाडी खरंच सावकाश चालायची. दगडावर चढायची, डुलायची, अनसूयेचा तोल जायला लागला की थांबून तिला सावरू द्यायची. धुक्यात पुढचा दगड दिसत नव्हता. आपण ढगावरूनच चाललोय, असं तिला वाटत होतं. आजूबाजूला कुठली कुठली नावं पुटपुटली जात होती. तिनं ओठ गच्च मिटले आणि आपलं नाव जपलं.

वर जिवाजीच्या घरी दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, “आली का? आली का?” सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला. ‘आलीका’ हेच नाव ठेवायचं म्हणून म्हातारी माणसं उठलीसुद्धा. बाळाची आई पाळण्याला धरून रडत होती.

तेवढ्यात अंगणात गुरगुर ऐकू आली. अनसूया गाडीवरून उतरली ती थेट घराच्या उंबऱ्यावर. कुणाशी न बोलता ती पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, “शर्वाणी.” बाळानं डोळे उघडले, आणि आत्या ढसाढसा रडायला लागली.

“अगं, चढायला एवढा वेळ लागला?” जिवाजीनं विचारलं.

“चढायला नाही रे दादा,” ती डोळे पुसत म्हणाली. “माझी गाडी कुठली, ते कळायला लागला.”

तात्पर्य: पहिली गाडी लोकांनी बघावी म्हणून घेऊ नये, आपल्याला सांभाळून घेईल अशी घ्यावी, आणि चुकीची घेतलीच, तर चारचौघांत तसं सांगून वेळेत परत करावी.