जोड्यांचा मान

एका राज्यात न्याय माणसं करत नसत, एक काळी शिळा करत असे. दहा माणसं सहज मावतील एवढी ती दरबाराच्या मधोमध मांडलेली होती. आरोपीनं तिच्यावर उभं राहायचं. राजाज्ञा मोडली असेल, तर त्याचे पाय दगडाचे होत, दगड वर वर चढे आणि तिसऱ्या दिवशी मावळतीला माणूस संपे. शंभर वर्षांत तिथं कुंभार गेले, कोष्टी गेले, गुराखी गेले. सरदार एकही गेला नाही! लोक म्हणत, बळी तो कान पिळी. सरदार म्हणत, आम्ही मुळातच सज्जन. खोटं कशाला सांगू, त्यांना ते मनापासून खरं वाटे.

एका वर्षी पाऊस रुसला. राजा सुरंजनानं आज्ञा काढली, ‘राजतळ्याचं पाणी जो कोणी घेईल तो गुन्हेगार.’ त्याच आठवड्यात हैबती कुंभाराची बायको ठकू तापानं फणफणली. हैबतीनं तळ्यातून एक घागर भरून आणली. ठकूचा ताप उतरला, आणि शिपायांनी हैबतीला धरून शिळेवर उभं केलं. त्याचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले.

ठकू रडत रडत वेशीबाहेरच्या चिंचेखाली गेली. शिळेवर मंत्र घालणारा मांत्रिक म्हातारपणी भारद्वाज पक्षी होऊन त्या चिंचेवर राहत होता.

“बाबा, तुमची शिळा खोटी आहे,” ठकू म्हणाली.

“शिळा खोटी नाही, पोरी. राजा म्हणेल तो गुन्हा, एवढंच तिला कळतं. पण ती कुणाला ओळखत नाही.”

“मग सरदार कसे सुटतात?”

“तेच मला शंभर वर्षं उमगलेलं नाही. तू तीन कामं कर. आज दरबारात सगळ्यांची तोंडं पाहा. उद्या हात पाहा. परवा पाय पाहा.”

पहिल्या दिवशी ठकूनं तोंडं पाहिली. खोटं सगळेच बोलत होते, सरदार जरा गोड बोलत होते एवढंच. हैबती गुडघ्यापर्यंत दगड झाला. दुसऱ्या दिवशी तिनं हात पाहिले. त्या दिवशी शिळेवर चढलेल्या सगळ्याच आरोपींनी, सरदारांनीसुद्धा, हात जोडलेले होते. हैबती कमरेपर्यंत दगड झाला. ठकूचा धीर सुटला. “अगं, जा घरी. उपाशी किती दिवस राहशील?” हैबती म्हणाला. ती गेली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं पाय पाहिले, आणि कपाळावर हात मारला. अगं बाई! रयतेनं राजासमोर वहाणा काढून यायचं अशी रीत होती. सरदारांना मात्र जोड्यांचा मान होता. शिळेवरसुद्धा ते जरीचे जोडे घालूनच चढत. त्यांचे उघडे पाय शिळेला कधी लागलेच नव्हते.

दगड हैबतीच्या छातीला भिडला होता. ठकू सिंहासनापुढे गेली.

“महाराज, शिळेवर उभे राहा.”

दरबार हादरला. राजा मात्र हसला. “खुशाल. माझे वाडवडील तिच्यावर उभे राहिले आहेत, बाई.”

“जोडे काढून?”

राजाचं हसू मावळलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं कधी विचारच केला नव्हता. त्यानं जोडे काढले आणि शिळेवर पाय ठेवला. त्याच्या बागेतली कारंजी रोज राजतळ्याच्याच पाण्यावर उडत होती. बघता बघता त्याचे घोटे दगड झाले.

राजा घाबरला. असा घाबरला की त्याला घाम फुटला. प्रधान धावत येऊन कानाशी लागला, “महाराज, आज्ञा बदला. ‘जो कोणी’च्या आधी ‘प्रजेपैकी’ एवढा एक शब्द घाला. आपले पाय आत्ता मोकळे होतील.”

राजानं तोंड उघडलं. समोर हैबतीला श्वास घेता येत नव्हता. ठकू त्याचे गाल धरून उभी होती, तिनं राजाकडे पाहिलंसुद्धा नाही. राजानं तोंड मिटलं. मग मोठ्यानं म्हणाला, “तळ्याचं पाणी सगळ्यांचं. तहानलेल्यानं घेतलं तर गुन्हा नाही. कारंज्यांसाठी घेतलं तर आहे, आणि तो मी केला.”

हैबतीच्या अंगावरून दगड गळून पडला. तो धापा टाकत ठकूच्या खांद्यावर कोसळला. राजाच्या पायांवरचा दगड मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत वर वर चढत राहिला. त्यानं कारंजी फोडायला लावली, पाणी तळ्यात परतलं, तेव्हा कुठे त्याचे पाय सुटले. दरबारातला जोड्यांचा मान त्याच दिवशी बंद झाला. पुढचा महिनाभर निम्मे सरदार पाय दुखतात म्हणून घरी बसले होते!

पाय सुटल्यावर राजानं ठकूला बोलावून विचारलं, “शंभर वर्षांत हे आम्हांला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“महाराज, गाऱ्हाणं सांगायला जे आले, त्यांना तुम्ही शिळेवर उभं केलंत.”

 राजा उठला आणि अनवाणीच तळ्याकडे चालत गेला.