दुसरीच्या हातची गाठ

तुर्कस्तानाच्या दक्षिणेला तोरोसचे डोंगर समुद्राकडे उतरतात, तिथे ताशदिबी नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, शेळ्यांच्या वाटेवर, खरनुबाचं एक जुनं झाड उभं आहे. पानं जाड, चामड्यासारखी, बारमाही हिरवी. शेंगा काळ्या आणि बोकडाच्या शिंगासारख्या वाकड्या, म्हणून तिकडे त्याला बोकडशिंगीच म्हणतात. त्या शेंगा उकळून, आटवून काकवीसारखा पाक करतात. पण येणारा पाहुणा थबकतो तो चिंध्या पाहून. खालच्या फांद्या चिंध्यांनी भरलेल्या असतात, कुणाच्या झबल्याची, कुणाच्या दुपट्याची, एखादी तर मोज्याची. जवळपास थडगं नाही, पीर नाही. झाडाखाली पाक विकणारे वेली दादा आधी वाटी पुढे करतात, आणि ती चाटूनपुसून झाली की सांगायला लागतात.

फार पूर्वी या गावात केझबान नावाची एक सून होती म्हणे. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्याचं नाव दुरसून ठेवलं. दुरसून म्हणजे ‘राहू दे’. आपल्याकडे धोंडू, दगडू ठेवतात, त्यातलाच प्रकार. लेकराला नुसती हाक मारायची तरी जिला विनवणी करावी लागे, तिला स्वस्थपणा कुठला? दुरसून झोपला की ती त्याच्या नाकापाशी बोट धरून बसायची. श्वास लागला की वाटायचं, भास झाला असेल. मग पुन्हा बोट.

एका शरदात दुरसूनला ताप भरला. काढे झाले, अंगारे झाले, ताप हटेना. तेव्हाची समजूत अशी की आजारी लेकराच्या कपड्याची चिंधी आईनं खरनुबाला बांधली, की दुखणं झाडावर चढतं. गाठ आहे तोवर झाड ते पेलतं. पोर बरं झालं की आईनं जाऊन गाठ सोडायची, मग दुसरीची पाळी. एका वेळी झाडावर एकच चिंधी असायची. केझबाननं भीत भीत विचारलं होतं, दोन का नाहीत? सासू म्हणाली होती, “झाड म्हणजे गाढव वाटलं का तुला, दोन्ही बाजूंना पोती लादायला?”

केझबान निळी चिंधी घेऊन झाडापाशी गेली, तर फांदीवर आधीच लाल लोकरीची पट्टी बांधलेली होती. विणकाम गावातलं नव्हतं. डोंगरावरचा उन्हाळा संपवून शेळ्यांमागे समुद्राकडे उतरणारे योरूक, म्हणजे भटके धनगर, वरच्या माळावर उतरले होते. त्यांतल्याच कुणा आईची ती पट्टी.

रीत होती थांबायची. केझबान थांबलीही, थोडा वेळ. मग तिच्या मनानं वकिली सुरू केली. ही वाटेची माणसं, त्यांना काय, पुढे झाडंच झाडं. आपल्याला हे एकच. शिवाय त्यांची मुलं वाऱ्यापावसात वाढलेली, चिवट असतात. आई घाबरली की किती शहाण्यासारखं बोलते, आणि सगळं स्वतःच्याच बाजूनं. बोलणं संपायच्या आत तिच्या बोटांनी लाल गाठ सोडलीही होती. पट्टी टाकवेना, म्हणून तिनं ती कमरेला खोचली आणि त्याच जागी निळी बांधली.

सकाळी दुरसूनचा ताप उतरला. तो खुदकन हसला, आणि केझबानला त्याच्याकडे बघवेना, असं सांगतात.

दिवस वर आल्यावर एक योरूक बाई गावात दारोदार विचारत आली. तिचं नाव दुदू. केझबानच्या दाराशी ती थांबली.

“बहिणी, झाडावरची निळी चिंधी कुणाची?”

“माझी.”

“लेकरू कसं आहे?”

केझबाननं या प्रश्नाची तयारी केली नव्हती. भांडणाची केली होती. ती म्हणाली, बरं आहे. त्यावर दुदूचा चेहरा खरंच निवळला. म्हणाली, “देवाची कृपा. मग ती सोडशील का आज? माझी वाऱ्यानं गेली वाटतं. पोरगी तंबूत पडून आहे. तुझी मी काढली नाही हो, तिच्यामागं कुणाचं तरी लेकरू असेल म्हटलं.”

वाऱ्यानं. केझबाननं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वाऱ्याला कोण जाब विचारतंय? ती दुदूबरोबर निघाली. चढणभर तिच्या कमरेला ती पट्टी निखाऱ्यासारखी लागत होती. गाठ सोडली आणि दुरसूनचा ताप परत आला तर, ही भीतीही सोबत होतीच. लाज होती म्हणून भीती कमी झाली, असं नाही.

झाडापाशी तिनं निळी गाठ सोडली. मग कमरेतून लाल पट्टी काढली आणि दुदूच्या देखत फांदीला बांधली. गाठ दोनदा निसटली.

“वारा नव्हता,” ती म्हणाली. “मी होते.”

दुदूनं लाल गाठ चाचपली. शिव्या दिल्या असत्या तर केझबानला बरं वाटलं असतं. पण तिनं केझबानच्या मुठीतली निळी चिंधी ओढून घेतली आणि लाल पट्टीच्या शेजारी स्वतःच्या हातानं करकचून बांधली. केझबान म्हणाली, झाडाला दोन पेलत नाहीत.

“कोण म्हणतं? वर बघ जरा. गेल्या सालच्या शेंगा आणि यंदाचा मोहर एकाच फांदीवर आहेत. त्याला दोन पोरं जड होतात होय?” आणि पाठ फिरवता फिरवता म्हणाली, “तुझ्या लेकराचा काय दोष.”

दुसऱ्या दिवशी योरूकांचे तंबू उठले. दुदूची मुलगी वाचली का, हे गावाला कधीच कळलं नाही. वेली दादांना पाहुणे विचारतात, तेव्हा तेही सांगतात, ठाऊक नाही. दुरसून जगला, नातवंडांचा आजा झाला. केझबान मात्र दर शरदाला वाटेवर जाऊन उतरणाऱ्या योरूकांना त्या मुलीचं विचारायची. ते म्हणायचे, आमच्यात दुदू पुष्कळ आहेत. पुढे दुरसून आजारी पडला तर ती चिंधी घेऊन शेजारणीकडे जायची. म्हणायची, तू बांध. माझ्या हातावर माझा भरवसा नाही.

आजही ताशदिबीत कुठलीच आई आपल्या लेकरासाठी आपल्या हातानं गाठ मारत नाही. दुसरीच्या दारात जावं लागतं, आणि जिच्याशी बोलणं बंद असेल तिच्या दारात गेलं तर गाठ जास्त टिकते, असं मानतात. तिथे मान वर करून मागता येत नाही म्हणे. आलेली बाई उंबऱ्याबाहेर उभी राहून नुसता चिंधीचा हात पुढे करते, आणि आतली बाई कणीक मळायची टाकून, पिठाच्या हातांनीच, झाडाची वाट चढू लागते.