तेरावर थांबलेली सशीण

माळाला लागून असलेल्या एका जंगलात एक ससा आणि सशीण पिलांसह सुखाने राहत होती, पण कोल्ह्याने वडाखाली पत्त्यांचा अड्डा मांडला आणि त्या सुखाला दृष्ट लागली. सहलीला आलेली माणसे पत्त्यांचा जोड विसरून गेली होती, तो या स्वारीला सापडला होता. खेळ 'एकवीस'चा. दोन पत्ते घ्यायचे, हवे तर आणखी मागायचे आणि बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीस ओलांडले की गेलात! चित्राचा पत्ता दहाचा, एक्का एकाचा किंवा अकराचा. कोल्हा आपला एक पत्ता उघडा ठेवी, एक झाकलेला. खेळणारा थांबला की सतरा होईपर्यंत कोल्ह्याने पत्ते ओढलेच पाहिजेत, हा नियमही त्याचाच. आमचे ससेराव "आणखी एक! आणखी एक!" करत राहते बीळ घालवून बसले. पिले उघड्यावर आली आणि वर घार घिरट्या घालू लागली.

सशीण नवऱ्याला बोलायचे ते बोलली, मग डोळे पुसून अड्ड्यावर जाऊन बसली. मुलांनो, सगळे खेळणारे आपल्याच पत्त्यांत डोके खुपसून बसत. हिने मात्र नजर कोल्ह्याच्या उघड्या पत्त्यावर ठेवली. पंजी किंवा छक्की उघडी असली, की नियमापायी ओढता ओढता कोल्हाच पुष्कळदा बुडे. पण तिथवर पाळी येतेच कुठे! लोक घाईने आधीच बुडालेले असत.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कोल्होबा, एकच डाव. जिंकले तर बीळ परत. हरले तर जन्मभर तुमची गुहा झाडीन."

"मग झाडू घेऊनच यायचंस की, वहिनी!" कोल्हा खिदळला. त्याने पत्ते वाटले. सशिणीला अठ्ठी आणि पंजी आली, म्हणजे तेरा. कोल्ह्याची छक्की उघडी होती.

"अगं, तेराने काय होतंय? माग आणखी!" ससा कळवळला. माकडे हसू लागली. सशिणीने उघड्या छक्कीकडे एकदा पाहिले आणि ती म्हणाली, "मी थांबले."

कोल्ह्याने झाकलेला पत्ता उलटला. राजा! सोळा झाले. आता ओढणे भाग होते. त्याने ओढली ती सत्ती. तेवीस!

वडाखाली एकच जल्लोष उसळला. ससा तर टुणटुण उड्याच मारू लागला. कोल्हा गुरगुरला, "दैवाने तारलं तुला! हिंमत असेल तर बस पुन्हा. माझी गुहा लावतो."

"तुमची गुहा तुम्हालाच लखलाभ," सशीण म्हणाली. तिने नवऱ्याचा कान धरला, पिलांना पुढे घातले आणि सगळ्या जंगलादेखत ताठ मानेने ती आपल्या बिळात शिरली.

तात्पर्य : आपल्या हाताबरोबर समोरच्याचा हातही पाहावा, आणि थांबायची वेळ ज्याला कळली, त्याने हरताना थांबावे तसे जिंकल्यावरही थांबावे.