साहेबांचं शून्य

या गोल्फ क्लबच्या फळ्यावरची सगळी नावं माझ्या हातची. त्यातली निम्मी मला वाचता येत नाहीत, ती गोष्ट निराळी. अक्षर बघून अक्षर काढतो.

त्या दिवशी जहागीरदारसाहेबांचं नाव ‘स्क्रॅच गोल्फर’ म्हणून चढायचं होतं. मी ब्रश बुडवून बसलेलो आणि साहेब नुसते येरझाऱ्या घालत होते.

विचारलं, “स्क्रॅच म्हणजे काय हो साहेब?”

“इतरांना खेळताना फटक्यांची सूट मिळते. माझी सूट शून्य.”

“शून्यासाठी एवढी धडपड? मला शाळेत बसल्या जागी मिळायचं.”

साहेब तापले. पण क्लबची रीतच अशी, की बॅग वाहणाऱ्या कॅडीनं फटके मांडलेल्या कार्डावर सही केल्याशिवाय नाव चढत नाही. आणि कॅडी रखमाजी कार्ड हातात धरून तसाच उभा.

साहेब त्याच्या अंगावर गेले. “ठरलेल्या बहात्तर फटक्यांत मैदान संपवलं की नाही मी? सही कर, नाहीतर उद्यापासून बॅगेला हात लावायचा नाही.”

माझा ब्रश वाळायला लागला.

रखमाजी शांतपणे म्हणाला, “काठीनं मारलेले बहात्तरच, साहेब. झुडपातला चेंडू बुटानं चारदा ढकललात, ते कुठल्या रकान्यात लिहू?”